बहमनी सुलतान, मी आणि हेगमधला केक

इतिहासाच्या तासाला सर शेवटच्या बहमनी सुलतानाला, कलीमुल्लाहला, बिदरहून पळवत होते आणि माझा मोबाइल थरथरला. माझी मैत्रीण केतकी, थेट नेदरलँड्समधल्या हेगहून: 'ये ना कधी इकडे.' त्या क्षणी सगळं फिरलं. सुलतानाला वाटेतच सोडून मी वर्गाबाहेर पडलो, तो कॉलेजमधूनच. बाईक विकली, व्हिसा काढला. विमानात वाचायला सुलतानाचं पुस्तक घेतलं.

हेगजवळच्या झूटरमेरला मामा आयटीत आहे. पहिल्या दिवशी त्याने स्वतःची खोली दिली, मामीने पुरणपोळ्या केल्या. चौथ्या दिवशी चहाबरोबर एक बिस्किट आलं आणि डब्याचं झाकण लागलं. "मग, पुढचा प्लॅन काय?" मामा म्हणाला. सुलतानही आधी मामाकडेच गेला होता, विजापूरला. मामा आपल्यालाच धरणार असं कळल्यावर तो नगरला निसटला. मी हेगला.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: ट्रॅममध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा बँकेचं कार्ड यंत्राला टेकवा; उतरताना विसरलात तर महाग पडतं. आणि कुणाकडे न कळवता जाऊ नका. मी गेलो.

केतकीचा वाढदिवस होता. खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या हातात केकचा एकच तुकडा, सांत्वनाला बसल्यासारखे सगळे गप्प. येणारा प्रत्येक जण केतकीशी हात मिळवून अभिनंदन करी, मग तिच्या शेजारी बसलेल्या रूबेन नावाच्या उंच माणसाचंही! माझं डोकंच फिरलं.

"साखरपुडा उरकलास आणि मला 'ये' म्हणतेस?"

तेवढ्यात एका आजीबाईंनी माझाही हात धरून अभिनंदन केलं. केतकी हसून हसून वाकली. "येड्या, इथे वाढदिवसाला सगळ्यांचंच अभिनंदन करतात. रूबेन खालच्या मजल्यावर राहतो!"

माझा जीव भांड्यात पडला. तिच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "मग लग्न करू. मी राहतो इथेच."

तिने माझ्या काखेतलं पुस्तक ओढून ओट्यावर ठेवलं. "या सुलतानाचं काय झालं पुढे?"

"नगरचा निजामशहा दरबारात याच्यापुढे हात जोडून उभा राहायचा. मग कुणीतरी कान फुंकले, लोकांना वाटेल राज्यच देताय. झालं, दरबारातलं बोलावणं बंद."

"बरोबरच केलं की." केतकी कप विसळत होती. "अरे, मी नुसतं 'ये' म्हटलं. राज्य देते असं कुठे म्हटलं?"

 मी हातातला केक संपवला, चांगला होता.

घरी, नगरला परतल्यावर दोन दिवस आई गरम पोळ्या वाढत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ऊठ, गिरणीतून दळण आण." दरबार संपला.

तिकडून आणलेलं चीज संपलं, उसना नेलेला कोट मित्राला परत गेला. पुस्तक मात्र केतकीच्या ओट्यावरच राहिलं, शेवटची पानं न वाचताच. पण सुलतानाचा शेवट सरांकडून ऐकता येईल, आणि त्यांचा तास अकराला असतो. दळणाचा डबा उंबऱ्याशी ठेवला, "आल्यावर आणतो गं" म्हणालो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.