कोहळ्याएवढा टर्बो

गाडीचा नुसता आवाज आयकून तिचं दुखनं सांगनारा मानूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एकच हाय, आन् तो म्हनजे मी. मांगच्या हिवाळ्यात गाडीतून बारीक शिट्टी यून राहिली म्हनून टर्बो गेला असं मी चारचौघात जाहीर केलं, आन् गॅरेजवर नेल्यावर समजलं का ती शिट्टी बायकोच्या पान्याच्या बाटलीच्या झाकनातून यून राहिली होती.

माही गाडी लहान हाय. बाहेरून पाहनाऱ्याले वाटते, बँकेतल्या मॅडमची असंल. पन तिच्यात टर्बो हाय. टर्बो म्हनजे काय ते मले शाळेत कोनी शिकोलं नाही. तसं तं शाळेत मले काहीच शिकोता आलं नाही, मास्तर बिचारे दमून गेले. इंजनातून जो धूर बाहेर पडते त्याच्या जोरावर एक चक्री फिरते, आन् ते चक्री इंजनात जादाची हवा कोंबते. हवा जादा, तं जाळ जादा. जाळ जादा, तं जोर जादा. चुलीत फुकनी मारल्यावानी. एवढं मले समजते. याच्यापुढचं समजत नाही, पन बोलता मातर येते.

आमचं रोजचं अपडाऊन. घर अमरावतीले, बायको अकोल्याच्या दवाखान्यात नर्स. माहा धंदा संत्र्याचा. झाडावरच्या मालाकडे पाहून आख्खा बगीचा घ्यायचा आन् तोडून अकोल्याच्या मार्केटात इकायचा. रेल्वेचा टाइम तिच्या डुटीशी जुळत नाही, म्हनून सकाऊन दोघं एकाच गाडीत. मी चालोतो, ते बाजूले बसून डोळे मिटते. लोकाय‍ले वाटते झोपली. ते म्हनते, "झोप कसची येते? मी पाहात नाही फक्त."

आता भानगड अशी झाली का तिले कामावर पोचाले दोनदा उशीर झाला. पयल्या बारीनं मी नवा आवाजाचा सायलेन्सर लावला होता, तो बडनेऱ्याच्या पुढे रस्त्यावरच पडला आन् मी तो उचलाले मांगं पायी गेलो. दुसऱ्या बारीनं मी हवेचा भारी फिल्टर बसोला, आन् एक नळी बसवाचीच इसरलो. मॅट्रन बाईनं तिले सरळ सांगतलं, "सिस्टर, आता एक बार जरी अंगठा लावाले उशीर झाला, तं दिवसपाळी इसरा. कायमची रातपाळी."

रातपाळी म्हनजे पोरगी दहावीच्या वर्साले रोज रातच्याले माईबिगर, बायको अंधारात हायवेवर, आन् घरचा सैपाक माह्या हातचा. त्या तिसऱ्या गोष्टीची पोरीनं जादा धास्ती घेतली.

बायको मले म्हने, "तुमाले त्या गाडीले काय लावाचं ते लावा. सोनं लावा. पन मले टाइमावर पोचवा. आता उशीर झाला तं गाडी आन् तुमी, दोघंही बगीच्यात उभे राहा. वांदरं हाकलाले कामी या."

मले त्यातून वेगळंच समजलं. म्हटलं, उशीर होते म्हनजे गाडी कमी पळते. गाडी कमी पळते म्हनजे टर्बो लहान हाय. मोठा टर्बो टाकला का बायको टाइमाच्या आधी पोचली. मी तिले म्हटलंबी, "हे सारं मी तुह्यासाठीच करून राहिलो वं."

ते म्हने, "माह्यासाठी काही करू नका. त्यानंच उशीर होते."

तोपर्यंत अमरावतीच्या आमच्या चहाच्या टपरीवर मी सांगून बसलो होतो का वऱ्हाडात कोन्या लहान गाडीत नसंल एवढा मोठा टर्बो मी बसवनार हाय. एकानं इचारलंबी, "त्यानं होते काय गा?" मी म्हटलं, "लागल्यावर समजंल." त्यालेबी माहीत नोहोतं, मलेबी नोहोतं, पन चहा त्यानंच पाजला.

अकोल्याले असे टर्बो बसोनारे एक उस्ताद हाय. मूळचे बाळापूरचे. हाताचे पक्के, तोंडाचे त्याहून पक्के. त्यायची सोताची गाडी म्हनजे माह्याच गाडीची जुळी बहीन, फक्त रंग दुसरा. संध्याकाळी बायकोची डुटी सुटल्यावर तिले घेऊन मी त्यायच्याकडे गेलो. त्यायनं दोन टर्बो काढून फडक्यावर मांडले. एक आपल्या कंपनीच्या टर्बोएवढाच, आतली चक्री तेवढी थोडी मोठी. दुसरा म्हनजे कोहळंच.

मी दोन्ही हातानं कोहळं उचललं. वजन पाह्यलं. फिरोलं. वास घेतला. टर्बोचा वास काहून घ्यायचा ते माहीत नाही, पन आमच्या धंद्यात वास घेतल्याबिगर सौदा होत नाही.

"हाच द्या," म्हटलं.

उस्ताद हासले. "कायकू हाच? बताओ तो सही."

"मोठा हाय."

"मोठा तो हत्ती बी है, शेठ. स्टँड पे जाके दूध लाएगा क्या?"

बायको मांगच्या टायरायच्या ढिगावर बसली होती. तिथूनच बोलली, "भाईजान, त्याय‍ले बोलू नका. माह्या बाबाच्या बगीच्यातबी त्यायनं असाच माल घेतला होता. मोठमोठं फुगीर संत्रं पाहून. सोललं तं आत सारं पोकळ. शेंदूरजनाघाटले बाबा अजून ते गोष्ट सांगतेत, पाहुने आले का."

हे खरं हाय. पोट्टंबी सांगंल का साल सैल आन् फुगीर संत्रं आतून कोरडं राहते. मलेबी ठावं होतं. पन त्या दिवशी बगीच्याच्या मालकाची पोरगी पानी घेऊन आल्ती, आन् माहं ध्यान संत्र्यायवर नोहोतं.

मी उस्तादले म्हटलं, "मंग तुमीच सांगा, कोनता घेऊ?"

"ना बाबा. बीवी और टर्बो, मै किसीके लिए नही चुनता. बाद में दोनों तरफ से गाली मैइच खाता." मंग म्हने, "एक काम करो. कल आते बखत गाडी रोज के जैसी चलाओ. और भाभी सुई देखेगी, वो इंजन के चक्करवाली. कितना जाती, बस इत्ता बोलेगी. छोटा दो हजार पे जागता. बडा चार हजार के पहले आँख नही खोलता."

दुसऱ्या दिवशी आमी निंगालो. बायकोनं त्या दिवशी पयल्यांदा डोळे उघडे ठुले, आन् माहे हाल सुरू झाले.

"अठराशे," ते म्हने. "दोन हजार. पुन्हा अठराशे."

"मोठ्यानं काहून सांगतं?"

"उस्तादनं सांगतलं. बाविसशे. काहून सोडलं?"

"पुढे ट्रॅक्टर हाय ना."

"ट्रॅक्टर लय दूर हाय हो. तो तं वावरात हाय."

मूर्तिजापूर आलं. एका कापसाच्या ट्रकामांगं मी चांगला जम बसोला. ट्रकाचा वारा आपल्याले लागत नाही, पुढचा खड्डा त्याले आधी समजते, सारं कसं बेस. बायकोनं सुईकडे पाह्यलं, ट्रकाकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. "रस्ता मोकळा हाय. गॅस द्या ना."

मी देला. सुई चढाले लागली. पंचवीसशे, अठ्ठाविसशे. इंजनाचा आवाज असा आला का माहा पाय सोताहून मांगं आला.

"गेली असती तीन हजारावर," ते म्हने. "तुमी भ्याले."

"भ्यालो नाही. गाडी गरम होते."

"गाडी गरम होते, आन् घाम तुमाले सुटते."

अकोल्याले पोचेपर्यंत सुईनं तीन हजाराचं तोंड पाह्यलं नोहोतं. आता मले सांगा, एवढे वर्सं मी टपरीवर गाडीच्या जोराच्या गोष्टी सांगून राहिलो होतो, आन् तो जोर जिथं राहते त्या गल्लीत मी कधी पाय ठुलाच नोहोता.

डुटीले येळ होता म्हनून पयले गॅरेजवर गेलो. बायकोनं उस्तादले आकडा सांगतला. उस्तादनं कपाळाले हात लावला. "तीन बी नही? शेठ, तुमको टर्बो नही, खाट होना."

शहान्या मानसानं तिथंच लहाना घेतला असता. पन माह्या डोळ्यापुढे टपरी आली. म्हटलं, "ते काही नाही, कोहळंच बसवा. टर्बो मोठा असला का मीबी जोरात चालवीन."

उस्तादनं माही गाडी रॅम्पवर चढोली आन् सोताच्या गाडीची चाबी माह्या हातात देली. "इसमें वोइच बडावाला है. भाभी को छोडके आओ. वापस आके बोलो, वोइच लगाता मै."

बायको म्हने, "आपल्याच गाडीनं चला हो. टाइम होऊन राहिला."

"दवाखाना काय दूर हाय?" म्हटलं, आन् बसलो.

गाडी गल्लीतून निंगाली ते म्हशीवानी. गॅस देला तं काहीच नाही. आजून देला, तरी काहीच नाही. कोनाले उठवाले जावं आन् तो कूस बदलून पुन्हा झोपावा, तसं. क्लच असा का पिंढरीत गोळा यावा. बॅटरीची रिक्षा आमाले मांगं टाकून गेली. त्यात तीन बुढ्या बसल्या होत्या. एकीनं मांगं पाह्यलं आन् दुसरीले दाखोलं.

मंग आला उडान पूल. चढावर गाडी अशी दमली का मी दुसरा गेअर टाकला, पयला टाकला, देवाचं नाव घेतलं. आन् ऐन चढावर एकाएकी तो टर्बो जागा झाला. गाडीनं अशी झेप घेतली का बायकोचा डब्बा मांगच्या सीटवरून खाली आला. मी काय केलं? जे मी जलमभर करत आलो तेच. पाय उचलला आन् ब्रेक दाबला. इंजन बंद.

मांगं गाड्यायची लाइन. हॉर्न. गाडी हळूहळू मांगं सरकून राहिली. चालू केली, पुन्हा बंद. एक ऑटोवाला बाजूनं मान काढून म्हने, "काका, ढकलू काय?"

मी बायकोकडे पाह्यलं. ते घड्याळाकडे पाहून राहिली होती. चेहरा उतरला होता. रागाचं काही नोहोतं त्याच्यात, तेच मले लागलं. आता मॅट्रन बाईले काय सांगाचं, आन् पोरीले काय सांगाचं, एवढंच चालू होतं तिच्या मनात.

"उतरा," ते म्हने.

"मी करतो ना..."

"उतरा म्हटलं ना."

माही गाडी मी तिच्या हातात कधी देली नोहोती. दुसऱ्याचा हात लागला का गाडीची सवय बिघडते, असं मी सांगत होतो. पन माहेरी लग्नाच्या आधी बापाच्या जीपीत संत्र्याचे क्रेट भरून ते काळ्या मातीच्या चिखलातून रस्त्यापर्यंत आनत होती. हे मले माहीत होतं. मी ध्यानात घेत नोहोतो, एवढंच.

मी तिकडून फिरून बसेपर्यंत तिनं सीट पुढे घेतली, पदर खोचला, पयला टाकला आन् गॅस असा देला का ऑटोवाल्यानं डोकं आत घेतलं. गाडी सुटली. दुसरा टाकला आन् तिथंच धरून ठुला. इंजन बोंबलून राहिलं, मी बोंबलून राहिलो, ते मातर चूप. सुई चाराच्या पार गेली आन् तो कोहळ्याएवढा टर्बो असा पेटला का पूल कधी सरला समजलं नाही. रिक्षातल्या त्या बुढ्या पुन्हा दिसल्या. आता आमी त्याय‍ले मांगं टाकलं. मी हात हालोनार होतो, पन दोन्ही हातानं वरचं हँडल धरून बसलो होतो.

दवाखान्यापुढे गाडी थांबली. ते पळत आत गेली. मी काचेतून पाहात होतो. मॅट्रन बाई मशीनीपाशीच उभ्या होत्या. बायकोनं अंगठा लावला. बाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाह्यलं, मंग तिच्याकडे, आन् मान हालोली. दिवसपाळी वाचली.

डब्बा घ्याले ते बाहेर आली. मी मांगच्या सीटखालून काढून ठुला होता. पोया शाबूत होत्या, भाजीचं मातर सांगता येत नाही. तेवढ्यात उस्तादचा फोन आला. इचारून राहिले, क्या करना, कौनसा लगाऊ?

मी फोनवर हात ठुला आन् मोठ्या तोऱ्यात तिले इचारलं, "मंग कोनता सांगू? मोठाच ना? पाह्यलं ना कसा पळाला?"

तिनं डब्बा घेतला, झाकन दाबलं आन् म्हने, "लहानाच सांगा. मोठा मले जमते, पन गाडी तुमी चालोता."