गोष्टीच्या भरात शिवलेले कोट

माझी मावशी पुस्तक नुसतं वाचत नाही, त्यातल्या माणसांच्या घरी राहायला जाते. मागे एका कादंबरीत धाकट्या भावाने थोरल्यावर खटला भरला, तेव्हा मावशी आठवडाभर आमच्या बाबांशी तुटक बोलत होती. बाबाही धाकटेच.

"अगं, मी काय केलंय?" बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही हो भावोजी. पण सुरुवात अशीच होते. गोड बोलण्यापासून."

आणि आत्मचरित्र हातात असलं तर विचारूच नका. "हे खरं घडलंय, ताई, खरं!" हे ती आईला इतक्या दबक्या आवाजात सांगते, जशी काही लेखिका आमच्या आतल्या खोलीत झोपली आहे आणि तिला उठवायचं नाहीये. मावशीचं लग्न झालेलं नाही, ती आमच्याकडेच राहते. एका हाताने भांड्यात डाव फिरवत दुसऱ्या हाताने पानं उलटते. पुस्तकांना कोटाच्या उरलेल्या अस्तराची कव्हरं घालते. त्यामुळे तिचं कपाट उघडलं की पुस्तकं नाही, ओळीने टांगलेली माणसं बघतोय असं वाटतं.

ती आणि आई एकाच कारखान्यात कामाला. कोट शिवायचा कारखाना. आई काज-बटणावर, मावशी अस्तराच्या मशीनवर. त्या मशीनला मावशीने कुणाला हात लावू दिलेला नाही. सुट्टीवरून आली की आधी त्याला तेल घालते, मग लोकांना विचारते, काय म्हणता.

आणि मशीन चालू झालं की तोंडही चालू. आदल्या दिवशी वाचलेलं प्रकरण सकाळच्या घंटेपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगायचं, असा तिथला रिवाजच पडलाय. मोटारींची घरघर असते, त्यामुळे आवाज चढवून सांगते. मध्ये कुणी प्रश्न विचारायचा नाही. काय विचारायचं ते ती बॉबिन बदलायला थांबली की. शिवाय ती स्वतः पुढचं प्रकरण वाचून येत नाही. आईने एकदा डिवचलं, "वाचून ठेवलं असशील की गं सगळं!" तर म्हणाली, "नाही. मला कळलं तर माझ्या आवाजाला कळतं."

परवा जे झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. आईने भांडी आपटत, मावशीने हळूहळू. मी दोन्ही जोडून सांगते.

आधी कोट कसा होतो ते कळायला हवं. कोट उलटाच शिवतात. बाहेरचं कापड आणि अस्तर तोंडाला तोंड लावून कडेकडेने टीप मारत जायचं आणि खालच्या कडेला वीतभर जागा उघडी सोडायची. त्या फटीतून हात घालून अख्खा कोट बाहेर खेचला की तो सुलटा होतो. मग ती फट हाताने टाके घालून बुजवायची. फट सोडायचं काम मावशीचं. ती विसरली तर कोट म्हणजे नुसती शिवलेली पिशवी, सगळा कोट आतल्या आत.

कोट सुलटे करायला उलटवणारे काका असतात. लांबच लांब हातांचे. पण उलटवताना काकांचं डोकं जवळजवळ कोटात जातं, कापड सळसळतं आणि मावशीचं एक अक्षर ऐकू येत नाही. म्हणून गोष्ट रंगात आली की काका कोटांना हातच लावत नाहीत. साठवून ठेवतात आणि सुट्टी झाली की भराभर उलटवतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

परवाचं प्रकरण एका बाईच्या आत्मचरित्रातलं. ती तान्हं बाळ कोटाच्या आत घेऊन डोंगर ओलांडते आहे, चोरून, पहारा चुकवून. पहारेकरी हाताच्या अंतरावर. बाळ रडायच्या बेतात. ती कोटात हात घालून त्याच्या तोंडावर तळवा ठेवते. मावशी सांगत होती आणि आई म्हणते कारखान्यात माणसं होती की नाही कळू नये अशी शांतता. मशीनं चालू होती, पण माणसं गप्प. बॉबिन बदलतानाही कुणी काही विचारलं नाही. पहारेकरी गेले. बाई पलीकडे उतरली, एका खडकाआड बसली. बाळ हलत नव्हतं. आपण हात किती घट्ट दाबला होता ते तिला आठवेना आणि कोटाची बटणं उघडायचा धीर होईना.

"प्रकरण संपलं," मावशी म्हणाली. जेवणाची घंटा झाली.

काकांनी ढिगातला पहिला कोट उचलला, खालच्या कडेला बोटं फिरवली. मग परत फिरवली.

"अगं, हात कुठे घालू?"

दुसरा उचलला. तिसरा. मग खालचे खेचून काढायला लागले. सकाळपासूनच्या एकाही कोटाला फट नव्हती. फट सोडायच्या जागी मावशीचा पाय पेडलवरून उठलाच नव्हता.

ते कोट एका बसकंपनीच्या चालकांसाठी होते आणि त्यांची गाडी त्याच दुपारी यायची होती.

मालकीणबाई आल्या. त्यांचा आवाज मला चांगला काढता येतो, कारण त्यात आवाज असा नसतोच. जितकं वाईट, तितकं हळू. "मला एवढंच कळत नाही," असं म्हणून सुरुवात. "मला एवढंच कळत नाही, तोंड चालू असलं की तुमचं डोकं बंद पडतं की आमचं नशीब?"

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"गाडी येईपर्यंत सगळे कोट सुलटे हवेत. नाही झाले, तर उद्या त्या मशीनवर दुसरी बाई बसेल."

जेवण कुणी केलं नाही. सगळे ब्लेड घेऊन उसवायला बसले. अस्तर पातळ, गुळगुळीत. ब्लेड केसभर सरकलं की कापडच फाटतं. घाई करावी तर फाटणार, न करावी तर गाडी येणार. कॉलरवालीचा हात पहिल्यांदा घसरला.

"मी कधीची सांगतेय, रडकी पुस्तकं आणत जाऊ नकोस म्हणून!" ती मावशीवर ओरडली.

"आणि रोज आधी येऊन तिच्या शेजारचं स्टूल कोण धरतं?" आई तिकडून ओरडली. मग लगेच मावशीकडे वळून, "आणि तू! हातात मशीन आहे की तंबोरा?"

मावशी खाली मान घालून उसवत होती. एक शब्द नाही. आणि तीच पंचाईत झाली. त्या शांततेत प्रत्येकीला खडकाआडची बाई दिसत होती. आणखी एक अस्तर फाटलं. कुणीतरी म्हणालं, "बाळाचं तेवढं सांगून टाक ना, ब्लेड सरळ चालत नाहीये."

"मला माहीत नाही गं," मावशी म्हणाली. आई सांगते, तेव्हा ती रडायच्याच बेतात होती.

तेवढ्यात कापणीच्या टेबलामागून कात्रीमास्तर उठले. मास्तर गोष्टींना "बायकांच्या भानगडी" म्हणतात. ते आले, मावशीच्या पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा पुसला.

"कुठून?"

"खूण आहे तिथून," मावशी म्हणाली.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. मास्तरांनी जन्मात मापांशिवाय काही मोठ्याने वाचलेलं नाही. "मी. पहिले बटण. काढले. स्वल्पविराम. दुसरे बटण. काढले. पूर्णविराम." छाती चाळीस, कंबर छत्तीस, अगदी त्या चालीवर. काका फस्सकन हसले. कॉलरवाली तोंड दाबून हसली. आणि आई म्हणते, तिथून हात सुधारले. इतकं वाईट वाचन होतं की कुणी त्यात बुडूच शकत नव्हतं. पण सोडवतही नव्हतं. कोट सुलटे होऊन पडायला लागले.

"बाळ. जागे होते. स्वल्पविराम. माझे बोट. चोखत होते."

मास्तर थांबले. भिंतीकडे तोंड केलं. "पान चिकटलंय," म्हणाले. कुठलंही पान चिकटलेलं नव्हतं.

गाडी वेळेच्या आधीच आली. तेव्हा मावशीच्या मांडीवर एक आणि काकांसमोर थोडे कोट उरले होते. ड्रायव्हर दारात उभा राहून जांभया देत होता, मालकीणबाई त्याच्याशेजारी हाताची घडी घालून. शेवटचा कोट सुलटा होऊन, फट बुजवून खोक्यात गेला, गाडी निघून गेली, पण ठरल्याप्रमाणे झालं नव्हतं आणि ते सगळ्यांना कळत होतं.

"मी इतकी काही वाईट नाही," मालकीणबाई म्हणाल्या, अगदी हळू. "मशीन ठेवा. फक्त कामावर तोंड बंद. तुमचा शब्द पुरे."

आईने मागून मावशीला कोपर मारलं. दे की शब्द! कुणाच्या बापाचं काय जातंय!

मावशीने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"हाताच्या टेबलावर बोललेलं चालतं का?" तिने विचारलं.

हाताचं टेबल म्हणजे फटी बुजवायचं टेबल, मागे गोदामाशेजारी. म्हाताऱ्या बायका आणि नवशिक्या तिथे बसतात. मालकीणबाईंनी जरा विचार केला. "तिथे चूक झाली तर एका वेळी एकच कोट बिघडतो. बोला."

"मग मी तिकडे बसते."

"वेड लागलंय तुला?" आई सगळ्यांसमोर ओरडली. "वीस वर्षांचं मशीन! पुस्तकापायी?"

"ताई, मी शब्द दिला असता तर पाळावा लागला असता."

मालकीणबाईंनी आईकडे बोट केलं. "उद्यापासून तुम्ही बसा त्यावर."

घरी येताना दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालत आल्या. रात्रभर आईने तिच्याशी अबोला धरला. सकाळी दोघी कारखान्यात गेल्यावर मावशी आधी अस्तराच्या मशीनपाशी थांबली, तेल घातलं आणि आईला म्हणाली, "पेडल डावीकडून दाब. उजवीकडून दाबलंस की रुसतं." आई हूं म्हणाली. तेवढंच. मावशीने आपली बसायची उशी आणि बोटात घालायचं अंगुस्तान उचललं आणि मागे गेली.

हाताच्या टेबलावर मशीनची घरघर पोचत नाही. तिथे तिने नवीन कादंबरी काढली आणि सवयीने ओरडूनच पहिलं वाक्य सांगितलं. नवशिक्या दचकल्या. मग तिने आवाज खाली आणला, तर टोकाच्या म्हातारीने सुई खाली ठेवली.

"का गं हळू केलास? मला या कानाने ऐकू येत नाही. इकडे सरक, परत पहिल्यापासून सांग."