फक्त आईलाच सांगायचं

समस्त हमरापूरकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमची स्वमग्न लेक वयात आली. हे कळवलं मात्र तिनंच.

पॅडवर मूर्तींचा लाल रंग ओतून मी तिची कित्येक महिने तयारी करून घेतली होती. "पाळी आली की फक्त आईलाच सांगायचं," हेही पढवलं होतं. तिनं फक्त मलाच सांगितलं, पण आमच्या गणपतीच्या कारखान्याच्या दारातून, ओरडून!

सगळ्यांचे ब्रश थांबले. पाळीत आमच्याकडे बायका मूर्तींना शिवत नाहीत, आणि रोज गणपतीचे उंदीर रंगवल्याशिवाय हिला जेवण जात नाही. मी धास्तावून सासऱ्यांकडे पाहिलं. कारखान्यात शब्द त्यांचाच. ते क्षणभर गोंधळले, मग नातीवर खेकसले, "उभी काय ऱ्हायलीस? हात धुवून ये गो, उंदीर काय मी रंगवू?"