कंस काढून टाकणारी सुजाता

सुजाता कांबळे काही लिहिलं की ते मोठ्याने वाचून दाखवायची. साहेबाला नाही, ऑफिसात झाडू मारणाऱ्या लक्ष्मीबाईला. लक्ष्मीबाई झाडू भिंतीला टेकवून ऐकायची आणि "नाय समजला गो" म्हणाली, की सुजाता कागदावर सरळ काट मारायची. "मावशी, तुझं नाही, माझं चुकलं." बाकीचे पदवीवाले तोंडावर हात धरून हसायचे. मीही हसलेलो. म्हटलं, पोरगी वाया गेलेली दिसते.

मी चौथी पास. त्याची लाज मला कधी वाटली नाही, आताही वाटत नाही. ठाण्याच्या छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवले, उलटी अक्षरं सरळ वाचली. छापखाना बंद पडल्यावर डोंबिवलीच्या या कॉम्प्युटरवाल्या ऑफिसात मुद्रितं तपासायला लागलो. नव्वदचं दशक संपत आलेलं. परदेशातली जाडजूड पुस्तकं तिथे यायची, पण नुसती कॉम्प्युटरात. हा मथळा, हा परिच्छेद, ही टीप अशी प्रत्येक तुकड्यावर खूण केलेली. त्या खुणा बघून पान कसं करायचं, याचे नियम कॉम्प्युटरला लिहून द्यावे लागत. ते लिहायचे साहेब, आणि त्यांच्या हाताखाली सुजाता.

त्या नियमांची भाषा मी पाहिली आणि कपाळाला हात लावला. जिकडे तिकडे टोकेरी कंस. मथळा मोठा करायचा, एवढ्याशा कामाला दहा कंस. उघडलेला प्रत्येक कंस परत नाव घेऊन बंद करायचा, म्हणजे घरातून निघताना दर दाराशी उभं राहून "हे दार मी लावलं हो" असं ओरडण्यातला प्रकार. आणि हे न कळणारा अडाणी! साहेब तर कंसांकडे असे बघायचे, जसं काही स्वतःच्या पोटचे आहेत.

एके दिवशी सुजाता माझ्या टेबलाशी आली. "काका, छापखान्यात मथळा आला की नव्या माणसाला काय सांगायचात?"

"काय सांगणार? मथळा दिसला की मोठा टाइप, मधोमध, खाली एक ओळ मोकळी."

"एवढंच?"

"मग काय भाषण करू?"

तिने ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. पंधरा दिवसांत तिने नियम लिहायची आपली तऱ्हा बसवली. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी, कंस एकही नाही. 'मथळा दिसला की' एका ओळीत, काय करायचं ते खाली थोडं आत सरकवून. शिवाय एक प्रोग्रॅम लिहिला, तो तिचं लिखाण कंसांत घालायचा आणि कंसांतलं तिच्या तऱ्हेत आणायचा. माझंच बोलणं मला कागदावर परत मिळालं. लक्ष्मीबाईने पहिल्या खेपेला मान डोलावली.

साहेबांनी कागद दोन बोटांत धरला. "मॅडम, जगात असं कोण लिहितं? हे स्टँडर्ड नाही."

"सर, मशीनला कंसच मिळतायत. माणसाला कशाला द्यायचे?"

"माणसाने शिकावं."

"शिकलेल्यांनासुद्धा वाचता येत नाही, सर."

साहेबांचा चेहरा उतरला. "हे घरगुती लिखाण बंद करा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

त्याच आठवड्यात औषधांचं पुस्तक आलं. नियम खुद्द साहेबांनी लिहिले. नमुन्याची पानं मी तपासली, एकूण एक बरोबर. औषधांचं काम म्हणून या वेळी नियमांच्या कागदावरही माझी सही लागणार होती; ती झाली की सगळं पुस्तक मशीनमधून निघणार. सुजाताने साहेबांचे कंस गुपचूप प्रोग्रॅममध्ये घालून आपल्या तऱ्हेत आणले आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी बोट ठेवून वाचत गेलो. 'तक्ता आला की, खाली पहिली टीप लिही.'

"पहिली का गं? दुसरी टीप असली तर?"

ती धावत जाऊन मूळ पुस्तक चाळून आली. नमुन्यातल्या तक्त्यांना एकेकच टीप होती. पुढे एका तक्त्याखाली तीन होत्या, आणि तिसरीत लिहिलेलं, हे औषध तान्ह्या मुलांना देऊ नये. ती टीप छापलीच गेली नसती. साहेबांच्या कंसांत 'पहिली' हा शब्द कुठेही नव्हता. सांगितलं नाही तर मशीन पहिलीच घेतं, मुकाट्याने. सुजाताच्या तऱ्हेत ते उघड लिहावं लागायचं, म्हणून तिच्या प्रोग्रॅमने तो शब्द कागदावर आणला.

साहेबांनी चूक सुधारली. आभार? छे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना: यापुढे फक्त कंसांतलं लिखाण चालेल. सुजाताने राजीनामा दिला. "काका, चूक झाकणारं लिहायला मला जमणार नाही," एवढंच म्हणाली आणि डबा पिशवीत घालून गेली. मोहने गावात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायला लागली.

मग त्याच औषधांच्या पुस्तकाचा कंसांचा गठ्ठा माझ्यापुढे आला. "काका, सही करा. फॉर्मॅलिटी आहे."

"साहेब, मी वाचल्याशिवाय सही करत नाही. छापखान्यात मालकाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरही केली नव्हती."

"तुम्हाला वाचता येत नाही, हा आमचा दोष?"

"हो."

चार दिवस पुस्तक अडलं. मला काढून टाकायची भाषा झाली. म्हटलं, काढा, पण सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या. एकही पदवीवाला पुढे येईना. तान्ह्या मुलांची टीप सगळ्यांना आठवत होती. पाचव्या दिवशी साहेबांनी मान खाली घालून सुजाताचा प्रोग्रॅम चालू करायला लावला. वर्षभराने तेच साहेब पाहुण्यांना सांगत होते, "ही आमची पद्धत." आमची! लाज विकून खाल्लेली माणसं.

हे सांगायला मी मुद्दाम मोहन्याला गेलो. वाटलं, ऐकून ती चिडेल, निदान दोन शिव्या तरी देईल. ती क्लासच्या बाकावर पाय हलवत ऐकत होती. पद्धतीला नाव कुणाचं लागलं, याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"काका, माझ्या नियमांत काही सापडलं का?"

मी जरा चाचरलो. "एक आहे. परिच्छेदाच्या मधेच यादी आली, की तुझा नियम यादीनंतरची ओळ गिळतो."

तिचा चेहरा असा उजळला, जसं काही मी पेढेच नेले होते. खडू उचलून ती फळ्याशी गेली आणि म्हणाली, "कुठली ओळ? दाखवा ना."