लोखंड वर्ज्य

ताजिरीकाकांच्या पँटला पट्टा नसे, नाडी असे. बुटांत खिळा नव्हता, चष्म्याची काडी प्लास्टिकची होती. आसो ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरच्या गवतात त्यांची लाकडी खोपटी होती, तिचे खिळेसुद्धा पितळेचे. आत जमिनीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र. डोंगराच्या पोटातला खडक तापू लागला की त्याचं चुंबकत्व ओसरतं आणि या बाजूचा आकडा उतरतो, कधीकधी धूर दिसण्याच्या कितीतरी आधी. एकोणीस वर्षं काका तो आकडा राखत होते, आणि एकोणीस वर्षं लोक तिथे लोखंड आणत होते. विळे, छत्र्या, सायकली. एकाने तर खोपटीला गाडी टेकवली.

"अहो, पाटी दिसत नाही?"

"तीच वाचायला जवळ आणली."

त्याहून वाईट म्हणजे गायी. चरताना गिळलेली तार आतून टोचू नये म्हणून आमच्याकडे गायीला बोटाएवढं लोहचुंबक गिळवतात. ते जन्मभर पोटात राहतं. गेल्या वर्षी फुमिनोबाईंची एक तांबडी गाय रोज खोपटीला टेकून रवंथ करायची. आकडा उतरला, काकांनी इशारा दिला, विवराचा रस्ता नऊ दिवस बंद राहिला. मग गाय सापडली. तेव्हापासून वेधशाळेत काकांना 'गोठा' म्हणत. मी तिथे नुकतीच कारकून लागले होते. मीही हसले होते.

यंदा जूनमध्ये आकडा पुन्हा उतरू लागला. रोज थोडा, न चुकता. रस्ता बंद करा, असं काकांनी प्रमुखांना फोनवर सांगितलं.

"ताजिरी, आधी गायी मोजा," प्रमुख म्हणाले.

काका होकायंत्र घेऊन कुरणात गेले आणि एकेका गायीच्या पोटाशी धरू लागले. प्रत्येक वेळी सुई गर्रकन फिरली.

"काय हो, नाडी बघताय?" फुमिनोबाईंनी विचारलं.

"बाई, तीन दिवस गायी पलीकडच्या उतारावर न्या."

"तेहेतीस गायी? तुमच्या त्या डब्यासाठी?"

"आकडा वर आला तर मी गोठाच. पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आला तर गायींचं कुरण गेलं, आणि नाही आला तर विवरावरचं माझं दुधाचं दुकान बंद. म्हणजे दोन्हीकडून मीच मेले!" त्या बराच वेळ गवत उपटत राहिल्या. मग गायींना हाका मारू लागल्या.

तीन दिवस काका कुंपणाशी बसून माणसं हाकलत होते. तिसऱ्या दुपारी नोंदी आणायला मी वर गेले.

"केसांत काय आहे?"

"पिना. दोनच आहेत, काका."

"दोनच! अगं, तूसुद्धा?"

खाली रस्त्याकडेच्या पेटीत मी पिना ठेवल्या, फोन ठेवला, आणि मोकळ्या केसांनी खोपटीत शिरले. आकडा आणखी उतरला होता. काकांनी तो दोनदा वाचला. पेटीपाशी येऊन त्यांनी प्रमुखांना फोन लावला. आवाज चिडलेलाच होता. "गायी नाहीत. गाड्या नाहीत. पोरीच्या केसांत पिनसुद्धा नाही. आता काय माझे दात उपटू?"



संध्याकाळी रस्ता बंद झाला. दुधाचे कॅन गाडीत भरून फुमिनोबाई खाली आल्या आणि खोपटीच्या कुंपणाशी काकांसमोर थांबल्या.

"गायच असायला हवी होती हो."

"मलाही तेच वाटत होतं," काका म्हणाले. मग त्यांची नजर कॅनवर गेली. "आता गाडी तेवढी पुढे घ्या."