हलगीचा हात

“मॅडमचा हात बघा. हा हलगीचा हात हाये. ह्याला गोल्फ जमायचं नाय.”

संस्थेचे अध्यक्ष माईकवर बोलले आणि मैदानावर हशा पिकला. माझ्या हातात सॉफ्टबॉलची बॅट होती. अंगात शाळेचा ट्रॅकसूट. समोर माझ्याच संघातल्या पोरी बसलेल्या. त्याही हसल्या, कारण मोठी माणसं हसत होती. हलगी म्हणजे काय हे त्यातल्या कितीजणींना माहीत असेल कुणास ठाऊक. मला माहीत होतं. अध्यक्षांनाही चांगलंच माहीत होतं.

ती रंगीत तालीम होती. खरा कार्यक्रम शनिवारी, पालकांसमोर. संभाजीनगरच्या बाहेर, बायपासच्या पलीकडं आमची शाळा. तिथं नवीन गोल्फचं मैदान केलं होतं. मैदान कसलं, हिरवळीचा एक तुकडा, उंच जाळी आणि रबराच्या चटया. पुण्याहून कोच आणलेला. एकाच ठिकाणी चार खेळांचे स्विंग दाखवायचे, ही त्याची कल्पना. क्रिकेट, हॉकी, सॉफ्टबॉल आणि शेवटी गोल्फ. म्हणजे पालकांना पटेल की गोल्फ काही परका खेळ नाही. सॉफ्टबॉलचा स्विंग मी दाखवायचा होता. मी तिथली खेळाची शिक्षिका. कंत्राटी. त्याच महिन्यात पर्मनंट होणार होते.

कोच चांगलं सांगत होता, खोटं कशाला बोलू. क्रिकेटचा ड्राइव्ह मारताना बॅट सरळ खाली येते, हॉकीत काठी जमिनीलगत फिरते, सॉफ्टबॉलमध्ये बॅट आडवी जाते, गोल्फची काठी तिरकी फिरून खांद्यावर जाते. पण जोर सगळीकडं पायातूनच निघतो, कंबरेत वळतो आणि हातात शेवटी येतो. खेळ चार, शरीर एकच, असं तो म्हणाला. मी मान डोलावली, बॅट फिरवून दाखवली. तेवढ्यात अध्यक्षांनी माईक मागून घेतला आणि शरीर एक राहिलं नाही.

अध्यक्ष आमच्याच गावचे. लासूर स्टेशनकडचं गाव. त्यांचं घराणं पाटलाचं, आमचं घर गावकुसाबाहेर. माझा आजा त्यांच्या दारात हलगी वाजवायचा. पोळ्याला, लग्नाला, मयतीला. वाजवायचा म्हणजे वाजवावीच लागायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर एका पोळ्याला तो गेला नाही. दोनदा बोलावणं आलं, तरी गेला नाही. मग मजुरी बंद झाली. विहीर बंद झाली. दुकानदार मीठ देईना. आज्यानं स्वतःच्या हातानं हलगी फोडली आणि पोरंबाळं घेऊन शहर गाठलं. माझे वडील, अण्णा, पुढं वाळूजला कंपनीत लागले.

आमच्या घरात ताटावर बोटं वाजवलेली चालत नाहीत. लहानपणी मी डब्यावर ताल धरला की अण्णांचा घास हातातच थांबायचा. मी सॉफ्टबॉल खेळायला लागले तेव्हा सामन्यात सगळं मैदान ओरडायचं, “बडव! बडव!” अण्णा एकटेच ओरडायचे, “हान पोरी, हान!” बडव हा शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नसे. हलगी बडवतात. तो शब्दसुद्धा त्यांना पोरीच्या आसपास नको होता. मीही माझ्या पोरींना हान म्हणूनच शिकवते. त्यांना वाटतं तो खेळातलाच शब्द आहे.

तालीम संपल्यावर मुख्याध्यापिकांनी बोलावलं.

“सर गमतीत बोलले. मनावर घेऊ नका.”

“शनिवारी पण हेच बोलणार का ते?”

“त्यांना आवडलाय तो विनोद. तुम्ही नुसती बॅट फिरवा, मॅडम. तुमचं पर्मनंट त्यांच्याच हातात आहे, मी काय सांगू?”

मी घरी गेले. अण्णांना काही बोलले नाही. राग आला होता. लाजही वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच आणखी राग आला. सारखा तो गोल्फचा चेंडू डोळ्यासमोर यायचा. पांढरा, एवढासा, खुंटीवर निवांत बसलेला. मारणारा टोपी नीट करतो, श्वास घेतो, दोन वेळा काठी हलवून बघतो, तरी तो जागचा हलत नाही. सॉफ्टबॉलचा चेंडू अंगावर येतो. मारायचा की सोडायचा, ठरवायला सवड नसते. कोचनं सगळे फरक सांगितले, हा एक सांगितला नव्हता. काही लोकांसाठी चेंडूसुद्धा थांबतो. मी दोन दिवस हाच विचार करत पोरींची तयारी घेत होते.

शनिवारी मांडव भरला. पालक, पाहुणे, पुढच्या रांगेत सोफे. क्रिकेट झालं, हॉकी झाली, टाळ्या पडल्या. मग मी उभी राहिले. दाखवण्यापुरता माझ्यापुढं रबरी दांड्यावर सॉफ्टबॉलचा चेंडू ठेवला होता.

“आता बघा गंमत,” अध्यक्ष म्हणाले. “ह्यांच्या आज्यानं आमच्या दारात हलगी बडवली. आता ह्या बॉल बडवतात. धंदा तोच, सामान बदललं! हं मॅडम, बडवा.”

लोक हसले. कोच स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

सवयीनं माझे पाय रोवले गेले. गुडघे वाकले. कंबर वळली, बॅट निघाली. आणि मी ती अर्ध्यात थांबवली. खेळणाऱ्याला विचारा, निघालेला स्विंग थांबवायला मारण्यापेक्षा जास्त जोर लागतो. मनगटं दुखली. मी बॅट खाली ठेवली, चालत गेले आणि माईक मागितला. त्यांनी हसत दिला. त्यांना वाटलं, बाई आभार मानणार.

मी म्हणाले, “माझ्या आज्यानं तुमच्या दारात हलगी वाजवायचं बंद केलं. तुम्ही मीठ बंद केलं तरी. तेवढं सांगायचं राहिलं तुमचं. मी पण इथं वाजवणार नाय.”

अध्यक्षांनी माईक ओढून घेतला, बंद केला आणि हळू आवाजात म्हणाले, “उद्यापासून येऊ नको. दाखवलीस ना औकात.” आत्तापर्यंत मॅडम होते. माईक बंद झाल्याबरोबर मी अगं-तुगंवर आले.

त्याच ट्रॅकसूटवर मी पोलीस ठाण्यात गेले. वाटेत कोचला फोन केला, साक्ष द्याल का विचारलं. “मला नीट ऐकू आलं नाही हो, मॅडम,” तो म्हणाला. ठाण्यातल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“नुसत्या बोलण्यावरून ॲट्रॉसिटी? मोठी माणसं हायेत ती, ताई. लई तर अपशब्द वापरले म्हणून साधी नोंद करतो.”

“अपशब्द नाय. हलगी लिहा. आज्याचं लिहा. औकात लिहा. जे बोलले तेच लिहा.”

“साहेब बाहेर गेलेत. त्यांना विचारल्याबिगर नाय जमायचं.”

“मग बसते. आज नाय लिहिलं तर उद्या येईन. उद्या नाय तर परवा. नोकरी गेली माझी, आता येळच येळ हाये.”

भिंतीकडची खुर्ची ओढली, त्याच्या टेबलासमोर लावली आणि बसले.