वजा सहा आणि माझं लग्न

माझं लग्न एका वजा चिन्हावर अडलं होतं, हे आमच्या घरात आजही गंभीर चेहऱ्यानं सांगितलं जातं.

बीडमध्ये माझी अकरावी-बारावीच्या गणिताची शिकवणी होती. सिरसाळ्याला मुलगी बघायला गेलो. पोहे झाले, चहा झाला आणि मामांनी मला कोपरानं ढोसलं. "इचार की कायतरी. मुक्यावानी काय बसलास?"

मुलगी मला पोह्यांच्या आधीच आवडली होती. (स्वयंपाक येतो का, हे विचारायची लाज वाटत होती.) ती, शोभा, बी.एस्सी. झालेली. म्हणून विचारलं, "वजा चारचं वर्गमूळ गुणिले वजा नऊचं वर्गमूळ किती?"

"वजा सहा," ती म्हणाली.

मी मान हलवली. "चुकलं. वजा गुणिले वजा अधिक. चार नवे छत्तीस, त्याचं मूळ सहा."

तिच्या वडिलांचा चेहरा उतरला. "पोरगी हुशार हाय आसं गावभर सांगितलंय ओ आमी."

"जाऊ द्या दादा," मामा समजुतीनं म्हणाले, "सहा तर आलं ना. वजाचं काय एवढं."

शोभा उठली. कॅलेंडरचं जुनं पान फाडून तिनं पाठीमागं लिहिलं. "आधी प्रत्येक मूळ सोपं करायचं. वजा एकचं मूळ म्हणजे i. मग वजा चारचं 2i, वजा नऊचं 3i. गुणाकार 6i वर्ग. i वर्ग म्हणजे वजा एक, म्हणून वजा सहा. तुम्ही i न काढताच गुणलंत."

तिचं बरोबर होतं, आणि त्याच आठवड्यात मी सगळ्या वर्गाला 'अधिक सहा' शिकवून आलो होतो.

"मास्तर," तिचे वडील म्हणाले, "कुणाचं बराबर हाय?"

"त्यांचं."

"मंग आता आमाला इचार करावा लागंल."

परतताना वडवणीला मामांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "लेका, बघण्यात नापास झालेल्या पोरी लई पायल्या. पोरगा आज पायला."

मी आठवडाभर नीट जेवलो नाही. मग निरोप आला: पोरगी हो म्हणतेय, पण तो धडा शिकवणीत तीच शिकवणार.

लग्न झालं. दरवर्षी तो धडा निघाला की शोभा फळ्यापाशी उभी राहते आणि मी मागच्या बाकावर बसतो. यंदा तिनं माझीही वही तपासली. शेवटचं उदाहरण पुन्हा सोडवून आणायला सांगितलंय.